सुवर्णकेशांची साक्ष

काळ्याभोर केसांस घरच्या घरी सोनेरी अथवा तांबूस छटा आणावी, आणि तीही बाजारातील रसायनांवाचून, लिंबाचा रस, मध, फुलांचा काढा व ऊन एवढ्याच सामग्रीवर, अशी हौस आपल्या शहरांतील तरुण मुलींत अलीकडे वाढत चालली आहे. घरातील वडीलधाऱ्या मंडळींस हे नव्या काळाचे खूळ वाटते. वस्तुतः हे खूळ असलेच तर ते निदान दोन हजार वर्षांचे आहे, आणि जगातील फार थोड्या खुळांचा एवढा व्यवस्थित लेखी पुरावा शिल्लक राहिला असेल.

आमचा व्यवसाय वकिलीचा. एखाद्या प्रकरणाचे कागद हाती आले म्हणजे साक्षीदार कोण, त्यांचा हितसंबंध काय, आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याचे म्हणणे कोणी नोंदवून घेतले आहे काय, हे प्रथम पाहण्याची आम्हांस सवय जडली आहे. सोनेरी केसांच्या या प्रकरणाचे कागद त्याच सवयीने चाळले असता एक गोष्ट तात्काळ ध्यानात येते. आरोप करणारे पुष्कळ आहेत; प्रत्यक्ष पाहिल्याचे सांगणारे थोडे आहेत; आणि ज्या स्त्रियांवर आरोप आहे त्या बहुतेक ठिकाणी मूक आहेत. या मूक पक्षकारांची बाजू कागदांत कोठे सापडते काय, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रकरणाचा आरंभ रोममध्ये होतो. तेथील लोकांचे केस सामान्यतः काळे वा गडद तपकिरी. उत्तरेकडील गॉल व जर्मन टोळ्यांशी रोमची युद्धे झाली, युद्धकैदी व गुलाम राजधानीत येऊ लागले, आणि त्यांच्याबरोबर पिवळे व तांबडे केस रोमच्या रस्त्यांवर दिसू लागले. ज्यांना शस्त्राने जिंकले त्यांच्याच केसांचा रंग जेत्यांच्या स्त्रियांना हवासा वाटावा, हा इतिहासाचा एक विनोदच म्हटला पाहिजे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात प्लिनीने आपल्या निसर्गविषयक प्रचंड ग्रंथात साबणाची जी नोंद केली आहे ती या संदर्भात मोठी उद्‌बोधक आहे. चरबी आणि राख यांपासून केलेला हा पदार्थ गॉल लोकांनी काढला; त्यातही बीच वृक्षाची राख व बोकडाची चरबी उत्तम; आणि त्याचा उपयोग केस तांबडे करण्यासाठी, असे तो सांगतो. अंग धुण्यासाठी म्हणून नव्हे! जर्मनांत हा पदार्थ स्त्रियांपेक्षा पुरुषच अधिक वापरतात, अशीही पुस्ती तो जोडतो. हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

प्लिनीच्या काही पिढ्या आधी ओव्हिड या कवीने आपल्या प्रेमकवितांच्या संग्रहात एक संपूर्ण कविता याच विषयावर लिहिली. त्याच्या प्रेयसीने आपल्या डोक्यास स्वतःच्या हातांनी औषधे लावली व सुंदर केस गमावले. कवी प्रथम तिला दोष देतो, मग सांत्वन करतो, आणि शेवटी म्हणतो की आता जर्मनीतील बंदिवान स्त्रियांचे केस तुझ्या कामी येतील. मात्र कोणी त्या केसांची वाखाणणी केली म्हणजे ती आपली नसून कोणा परकीय स्त्रीची आहे हे जाणून तुला लाज वाटेल. कवितेत स्त्री रडते. बोलत मात्र नाही. केस तिचे, नुकसान तिचे, आणि कैफियत कवीची!

यानंतर सुमारे दोन शतकांनी कार्थेज येथील टर्टुलियन हा ख्रिस्ती धर्मोपदेशक याच विषयाकडे वळतो. स्त्रियांच्या वेशभूषेवरील आपल्या ग्रंथात केशराने केस पिवळे करणाऱ्या स्त्रियांवर त्याने कठोर टीका केली आहे. या स्त्रियांस आपल्या देशाचीही लाज वाटते, आपण जर्मनीत वा गॉलमध्ये जन्मलो नाही याचे त्यांस दुःख होते, असा त्याचा आक्षेप. औषधांनी केसांचा नाश होतो आणि उन्हात डोके वाळविणेही अपायकारक असते, हेही तो सांगून जातो. या शेवटच्या विधानावरून ऊन हे साधन त्या काळीही वापरात होते असे दिसते. टीकाकाराच्या तोंडून अनवधानाने बाहेर पडलेली हकीगत त्याच्या उपदेशापेक्षा अधिक विश्वसनीय असते, हा अनुभव न्यायालयात आम्हांस नित्य येतो.

परंतु या विद्येचे खरे माहेरघर म्हणजे व्हेनिस. पंधराव्या व सोळाव्या शतकांत हे व्यापारी गणराज्य वैभवाच्या शिखरावर होते, आणि तेथील चित्रकारांनी रंगविलेल्या स्त्रियांच्या केसांचा तो तांबूस सोनेरी रंग आज टिशियन या चित्रकाराच्या नावानेच ओळखला जातो. १४९४ साली यात्रेच्या निमित्ताने व्हेनिसमध्ये आलेला मिलान येथील धर्मगुरू पिएत्रो काझोला याने लिहून ठेवले आहे की, येथील स्त्रियांचे पुष्कळसे केस कृत्रिम असतात. सेंट मार्कच्या चौकात काठ्यांवर टांगलेले केस विकावयास आलेले आपण स्वतः पाहिले. आणि आपली पांढरी दाढी विसरून, जणू काही आपल्यालाच घ्यावयाचे आहेत अशा बतावणीने चौकशीही केली! ज्यांस विकतचे केस नको होते त्यांनी आपलेच केस उजळण्याचा मार्ग धरला.

तो मार्ग कसा होता याचे सचित्र वर्णन चेझारे व्हेचेल्लिओ याने करून ठेवले आहे. हा टिशियनचा नातलग. १५९० साली व्हेनिसमध्ये त्याने देशोदेशींच्या पोशाखांचा एक ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्यात केस उजळीत बसलेल्या व्हेनिसच्या स्त्रीचे चित्र दिले. तेथील घरांच्या छपरांवर लाकडी खांबांच्या आधाराने उभारलेल्या उघड्या गच्च्या असत. त्यांस आल्ताना म्हणत. दिवसाच्या अगदी कडक उन्हात स्त्रिया तेथे तासन् तास बसत. अंगावर रेशमाचा अथवा तलम सुताचा सैल झगा, हातात काठीच्या टोकास बांधलेला स्पंज, जवळ औषधी पाण्याचे भांडे. स्पंज बुडवावा, केस भिजवावे, वाळू द्यावे, पुन्हा भिजवावे, असा क्रम चाले. डोक्यावर सोलाना नावाची टोपी असे. ही टोपी मोठी विलक्षण. तिला माथा नव्हताच, केवळ रुंद काठ होता. मधल्या भोकातून केस वर काढून ते काठावर चहूकडे पसरावयाचे आणि त्याच काठाच्या सावलीत मुख झाकावयाचे.

आमच्या मते या सगळ्या प्रकरणाचा अर्थ त्या टोपीत साठविला आहे. ऊन केसांना आणि सावली मुखाला, अशी सूर्याची वाटणी करण्याचे ते यंत्र होय. शेतात राबणाऱ्या बाईचे केस उन्हाने आपोआपच उजळत. पण त्याच उन्हाने तिचा चेहराही रापत असे. व्हेनिसच्या खानदानी स्त्रीस उन्हाचे दान हवे होते आणि कष्टकऱ्याचा शिक्का नको होता. म्हणून केस उजळ व कांती गोरी, हे निसर्गात सहसा एकत्र न येणारे दोन परिणाम तिने एका टोपीच्या काठाने एकत्र आणले. सौंदर्य ज्यास म्हणतात त्यात अवकाशाचा, म्हणजे दुपारी काम न करता बसून राहता येण्याच्या अधिकाराचा, वाटा किती मोठा असतो हे यावरून कळते.

व्हेनिसच्या राज्यकर्त्यांस स्त्रियांच्या थाटमाटाची मोठी चिंता असे. त्यांनी त्यावर देखरेखीसाठी खास अधिकारी नेमले, आणि मोती, भारी वस्त्रे, मेजवान्या यांवर वेळोवेळी निर्बंध घातले. असे कायदे पुनःपुन्हा करावे लागले, यातच ते पाळले जात नव्हते हे आले. त्यातही मोत्यांची मोजदाद करता येते. उन्हाची करता येत नाही. स्वतःच्या गच्चीवर स्वतःच्याच केसांवर पडणारे ऊन जप्त करण्याची तरतूद कोणत्या कायदेपंडितास सुचणार?

आता प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराकडे वळू. टॉमस कोरियट हा इंग्रज प्रवासी १६०८ साली व्हेनिसमध्ये होता. त्याचा प्रवासग्रंथ १६११ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. व्हेनिसच्या स्त्रिया दर शनिवारी दुपारी केसांस तेल अथवा अन्य औषध लावून ते उजळ करतात, बिनमाथ्याची गवती टोपी घालून आरशासमोर उन्हाच्या जागी बसतात, केस काठावर पसरून वाळवितात आणि नंतर तप्त लोखंडी सळईने कुरळे करतात, असे तो लिहितो. हे सर्व त्याने एका इंग्रज गृहस्थाच्या घरी पाहिले. त्याची पत्नी व्हेनिसची होती. परक्या माणसास सहसा न मिळणारी ही सवलत आपणांस लाभली, हे सांगावयास तो विसरत नाही. बडोदे, सुरत या बाजूच्या आमच्या वाचकांस या साक्षीदाराविषयी अधिक जिव्हाळा वाटावयास हरकत नाही. कारण हाच कोरियट पुढे बहुतांश पायी प्रवास करीत १६१५ साली अजमेरास जहांगीर बादशहाच्या दरबारी पोहोचला, आणि १६१७ च्या डिसेंबरात सुरतेस मरण पावला. व्हेनिसच्या खोलीत सोनेरी होणारे केस पाहणारे डोळे आपल्या तापीकाठी मिटले.

औषधी पाण्यात काय असे? जांबात्तिस्ता देल्ला पोर्ता याच्या निसर्गविद्येवरील ग्रंथाची विस्तृत आवृत्ती १५८९ साली निघाली. तीत केस पिवळे करण्याच्या कृती आहेत, आणि त्यांत द्राक्षमद्याचा गाळ, मध, जिऱ्याचे तेल, केशर, कोबीच्या दांड्यांच्या व जवाच्या काडाच्या राखेचे क्षारजल असे पदार्थ आढळतात. आपल्या स्वयंपाकघरातील बरण्याच जणू तेथे मांडल्या आहेत. आजच्या रसायनशास्त्राच्या प्रकाशात पाहिले असता यातील काही पदार्थ निव्वळ सोबतीस आलेले दिसतात, पण काहींचे कार्य खरे आहे. राखेच्या क्षाराने केसांवरील खवल्यांचे आवरण फुगते व उघडते. मध पाण्याने पातळ केला म्हणजे त्यातील एका विकराच्या योगे अल्प प्रमाणात हायड्रोजन पेरॉक्साइड उत्पन्न होते. केशर केवळ वरून रंग चढविते. खरे काम करणारा मजूर म्हणजे सूर्य. त्याच्या अतिनील किरणांनी केसांतील मेलॅनिन हे रंगद्रव्य हळूहळू तुटते. गडद केस एकदम पिवळे होत नाहीत. तपकिरी, तांबूस, नारिंगी अशा पायऱ्यांनी ते पिवळ्याकडे जातात. यावरून व्हेनिसचा तो जगप्रसिद्ध तांबूस सोनेरी रंग हा आवडीचा जितका, तितकाच वाटेतल्या मुक्कामाचाही रंग असावा, असा आमचा तर्क आहे.

पुढे १८१८ साली तेनार या फ्रेंच रसायनज्ञाने हायड्रोजन पेरॉक्साइड शोधून काढले, आणि १८६७ च्या पॅरिस येथील प्रदर्शनात केस सोनेरी करण्यासाठी त्याचा उपयोग लोकांस दाखविण्यात आला. तेव्हापासून गच्चीवरील दुपार बाटलीत आली. आज ज्यास आपण नैसर्गिक उपाय म्हणतो तो त्या बाटलीपूर्वीचा मार्ग होय.

येथवर साक्ष दिलेले सगळे पुरुष आहेत: एक कवी, एक पंडित, दोन धर्मोपदेशक, एक चित्रकार, एक प्रवासी. स्त्रियांचे म्हणणे कोठे आहे? आमच्या मते ते कृतींच्या वह्यांत आहे. फोर्ली व इमोला या इटालियन संस्थानांची स्वामिनी कातेरिना स्फोर्झा ही १५०९ साली वारली. चेझारे बोर्जियाच्या सैन्याविरुद्ध स्वतः किल्ला लढविणारी ही स्त्री. तिने आयुष्यभर जमविलेल्या चारशेहून अधिक कृतींचा संग्रह १८९३ साली छापून प्रसिद्ध झाला. त्यात रोगांवरील औषधे आहेत, विषे आहेत, किमयागाराचे प्रयोग आहेत, आणि केस सोनेरी करण्याच्या कृतीही आहेत. तिने त्यांची लाज बाळगलेली नाही आणि समर्थनही केलेले नाही. तापावरचा काढा आणि केसांचे पाणी एकाच वहीत, एकाच गांभीर्याने नोंदले आहे. टर्टुलियनला जेथे देशद्रोह दिसला तेथे कातेरिनेला एक प्रयोग दिसला. मूक पक्षकाराची एवढी स्पष्ट जबानी क्वचितच मिळते.

आणि शेवटी एक रीतसर लेखी कैफियतही सापडते. सिएनाच्या फ्रांचेस्को बुओनिन्सेन्यी याने स्त्रियांच्या चैनीवर एक उपहासात्मक निबंध लिहिला. त्यास १६४४ साली व्हेनिसमधील आर्कांजेला ताराबोत्ती हिने ग्रंथरूपाने उत्तर दिले. ताराबोत्ती ही जोगीण. पण स्वेच्छेने नव्हे. लहानपणीच तिला मठात घालण्यात आले.  तिचा युक्तिवाद थोडक्यात असा की, जी चैन स्त्रियांच्या माथी मारता ती पुरुषांतही आहे; केसांचा, मिशांचा, वेषाचा थाट तेही करतात; मग आरोपपत्रात एकाच पक्षाचे नाव का? येथे वाचकांनी प्लिनीची पुस्ती आठवावी. केस तांबडे करण्याचा साबण जर्मनांत पुरुषच अधिक वापरीत असत. तरीही पुढील दीड हजार वर्षे पिंजऱ्यात उभी राहिली ती स्त्रीच.

आता आपल्या घराकडे पाहू. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात विवाहास वर्ज्य कन्यांची जी यादी आहे तीत कपिल कन्या येते, आणि टीकाकारांनी तिचा अर्थ कपिल रंगाच्या केसांची असा केला आहे. म्हणजे ज्या रंगासाठी व्हेनिसची स्त्री दुपार दुपार तळत बसली, तोच रंग आपल्या शास्त्रकाराने वधूचे वैगुण्य ठरविला. रंग एकच, निवाडे दोन. आपल्याकडील सारी केशविद्या त्यामुळे उलट दिशेने गेली. माका, आवळा, जास्वंद, खोबरेल, शिकेकाई ही सर्व सामग्री काळेपण राखण्यासाठी. तांबूस केसांच्या मुलीस आपल्याकडे तेल न मिळालेली, दुर्लक्षित म्हणून ओळखले जाई, आणि त्यात तथ्यही होते. गोव्याच्या मिठागरांत व खाजनांतील शेतांत दिवसभर राबणाऱ्या बाईच्या केसांस ऊन फुकट जी छटा देते, तिची सोय करण्यास सोलाना लागत नाही. अन्नातील प्रथिनांच्या तीव्र अभावाने लहान मुलांचे केस तांबूस पडतात, हे तर वैद्यकास चांगले माहीत आहे. ज्या रंगास एके ठिकाणी ऐश्वर्याचे चिन्ह म्हणतात तोच रंग दुसऱ्या ठिकाणी उपासमारीचे लक्षण असू शकतो.

म्हणून आजच्या मुलींस आम्ही काय सांगावे? टर्टुलियनच्या आसनावर बसण्याची आमची इच्छा नाही. केस त्यांचे आहेत, आणि स्वतःच्या केसांविषयीचा निर्णय स्वतःकडे असणे ही लहान गोष्ट नव्हे. मात्र दोन गोष्टी पुराव्यानिशी सांगता येतील. पहिली ही की, घरगुती म्हणजे निरुपद्रवी असा कायदा निसर्गाने केलेला नाही. ओव्हिडच्या प्रेयसीचे औषध घरगुतीच होते. लिंबाचा रस कपाळावर, मानेवर वा हातांवर राहून त्यावर कडक ऊन पडले तर कातडीचा दाह होतो, फोड येतात, आणि काळे डाग कित्येक आठवडे, कधी महिने राहतात. आम्ल आणि ऊन यांनी केस रुक्ष व ठिसूळ होतात. एकदा तुटलेले रंगद्रव्य त्या केसात परत येत नाही. मुळातून मात्र महिन्यास सुमारे एक सेंटिमीटर या गतीने पूर्वीसारखाच काळा केस उगवत राहतो. आणि आपल्या दाट काळ्या केसांवर या उपायांनी बहुधा तांबूस झाकच येते. पिवळे सोने हाती लागत नाही. ज्यांस प्रयोग करावयाचाच आहे त्यांनी आधी आतल्या बाजूच्या एका बटेवर करून पाहावा, आणि उन्हात जाण्यापूर्वी कातडीवर सांडलेला रस धुऊन टाकावा.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. रंग हवासा वाटतो तो का, एवढा प्रश्न आरशापुढे एकदा विचारून घ्यावा. रोमच्या स्त्रीस तो बंदिवानांकडून मिळाला, व्हेनिसच्या स्त्रीस चित्रकारांकडून, आजच्या मुलीस पडद्यावरून मिळतो. आणि आमच्या आज्यांस काळेपणाची आवडही धर्मशास्त्राकडून व वरपक्षाकडून मिळाली होती, हे विसरता कामा नये. काळा केस राखणारी आणि उजळणारी, दोघीही कोणाच्या तरी निवाड्याखाली बसलेल्या असतात. निवाडा स्वतः वाचून, समजून, मग मान्य करणे अथवा त्यावर अपील करणे, एवढे स्वातंत्र्य तरी प्रत्येकीस असावे. कातेरिनेने आपल्या वहीत कारणे लिहिली नाहीत. ती कोणास देणे लागत नव्हती. आपल्या घरातील मुलीवरही कारणे देण्याची सक्ती नसावी. पण तिला ती ठाऊक असावीत.